जुन्या ऑडिओ यंत्रांसाठी टाकाऊ सामानातून स्टँड: आधी यंत्र बघा, मग लाकूड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), १९७०च्या दशकातला वीसेक किलोचा रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र) आणि साधारण ६० सेंटिमीटर उंचीच्या स्पीकरची जोडी आहे. जमीन लाकडी फळ्यांची, चालताना किंचित दबणारी. हाताशी दोन जुन्या दारांच्या चौकटी, एक मोडलेला पलंग, ओट्यातून निघालेला ग्रॅनाइटचा तुकडा आणि भोकांच्या अँगलचा एक लोखंडी रॅक. या सगळ्यातून एकच भक्कम, जड रॅक करून सगळं त्यावर मांडावं, सर्वांत वर ग्रॅनाइट आणि त्यावर टर्नटेबल, असं तुमच्या मनात आहे.

सामान फार चांगलं मिळालंय. बेत मात्र बदला. गेली पंचवीस वर्षं मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो आणि त्यांच्यासाठी स्टँड बनवतो. जास्तीत जास्त मेहनत वाया गेलेली पाहिली ती याच बेतात. या तीन यंत्रांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. टर्नटेबलला हादरा नको, रिसीव्हरला हवा हवी आणि स्पीकर तर स्वतःच हादरे देणारा. तिघांना एकाच चौकटीत बांधलं की स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत जातो, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये येतो आणि आवाज वाढवला की घुमायला लागतो. म्हणून स्पीकर कायम वेगळे ठेवायचे. टर्नटेबल आणि रिसीव्हर एका रॅकवर चालू शकतात, पण तुमच्या जमिनीवर तेही मी टाळेन.

काही कापण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. टर्नटेबल आत्ता जिथे आहे तिथेच असू द्या. मोटर बंद, एक जुनी रेकॉर्ड ठेवा, सुई खोबणीत टेकवा आणि आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत न्या. मग ते टेबल बोटाच्या पेराने हलकंच ठोका. ‘ठप्’ असा छोटा, कोरडा आवाज आला तर ठीक. ‘ठण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर टेबल स्वतःच वाजतंय. ठोकल्यावर काहीच ऐकू येत नाही, पण वूफरचा (पेटीतल्या खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) कोन, म्हणजे कागदी शंकू, डोळ्यांना दिसेल इतका आत-बाहेर झुलतोय, तर भानगड कानाला न ऐकू येणाऱ्या खालच्या कंपनांची आहे. आता खोलीतून नेहमीसारखं चालत जा आणि कोनाकडे बघत राहा. स्टँड झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची आहे, तेव्हा आज काय दिसलं ते लिहून ठेवा.

टर्नटेबलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात.

जुन्या टर्नटेबलांची ढोबळमानाने दोन कुळं. एका कुळात रेकॉर्ड ठेवायची तबकडी आणि टोनआर्म (सुईचा दांडा) स्प्रिंगांवर तरंगतात. १९६१ साली आलेल्या एआर एक्सएने ही रचना गाजवली. पुढे थोरेन्सची टीडी १५० आणि १६०, लिनचं एलपी १२ ही त्याच वाटेची. दुसऱ्या कुळात सगळं एका घट्ट पायावर बसवलेलं असतं: १९५४चं गॅरार्ड ३०१, टेक्निक्सचं एसएल १२००. गॅरार्डसारख्या रबरी चाकाने फिरणाऱ्या यंत्रांची मोटर दांडगी असते, तिची घरघर गिळायला जड पाया लागतो. तिथे ग्रॅनाइट, जाड प्लायवूडचे थर, जुन्या सागाचे ठोकळे हे सगळं कामाला येतं. ‘टर्नटेबलखाली जड वस्तू ठेवा’ हा सल्ला मुळात या कुळासाठीचा आहे.

तुमचं यंत्र पहिल्या कुळातलं. त्याच्या आतल्या स्प्रिंगांची स्वतःची लय सेकंदाला ३ ते ५ झोक्यांची. त्याहून बऱ्याच जलद हादऱ्यांना त्या आपणच अडवतात, पण त्यांच्याच लयीतला संथ झोका आला की अडवण्याऐवजी वाढवतात. दबणाऱ्या लाकडी जमिनीवर माणसाचं पाऊल नेमका असाच संथ झोका देतं. त्यात तुम्ही चाळीस-पन्नास किलोचा रॅक उभा केलात, तर जमिनीची लय आणखी खाली येते, स्प्रिंगांच्या जवळ. म्हणजे इतकं जड सामान रचूनही सुई उडतेच. अशा यंत्राला खाली हवं हलकं आणि कडक टेबल. टेबल कडक असलं की त्याची स्वतःची लय उंच राहते आणि ती कंपनं अडवायला यंत्राच्या स्प्रिंगा समर्थ असतात.

तुमच्या बाबतीत सर्वांत उत्तम म्हणजे भिंतीवरची फळी. पाऊल जमिनीवर पडतं, भिंतीला फारसं कळत नाही. पण भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. आतून पोकळ जिप्समची असेल तर हा विचार सोडून द्या. दाराच्या चौकटीच्या लाकडातून दोन त्रिकोणी ब्रॅकेट करा: एक तुकडा भिंतीला टेकलेला उभा, एक आडवा, एक तिरका. प्रत्येक उभ्या तुकड्याला दोन अँकर बोल्ट, त्यातला एक अगदी वरच्या टोकाजवळ, कारण सगळं वजन वरचा बोल्ट भिंतीतून उपटायला बघत असतं. वर साधारण ५० × ४० सेंटिमीटरची १८ मिलिमीटर प्लायची फळी. टीडी १६०चा पाया साधारण ४४ × ३६ सेंटिमीटरचा असतो, तेव्हा चारही बाजूंनी थोडी जागा राहते. झाकण उघडल्यावर मागे भिंतीला आपटणार नाही ना, ते बोल्ट मारण्याआधीच मोजा.

भिंत नसेलच जमत, तर लोखंडी अँगलचा रॅक कामी आणा. त्याचं फक्त एक कमरेएवढं टेबल करा. चार पाय, वर-खाली चौकट आणि मागे व दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या. या पट्ट्यांबद्दल मी हट्टी आहे. चौकोन कितीही जाड लोखंडाचा असला तरी तो बाजूला झुकू शकतो, त्रिकोण झुकत नाही. भोकांच्या अँगलमध्ये तर नट कितीही आवळले तरी भोकात बोल्टला किंचित जागा राहतेच. एक पातळ तिरकी पट्टी टाकली की तेच डळमळणारं टेबल एका क्षणात गप्प होतं, आणि हा फरक पहिल्यांदा हाताला जाणवतो तेव्हा खरोखर समाधान वाटतं. टेबल जमिनीच्या मध्यावर ठेवू नका. भिंतीलगत, जिथे खालच्या तुळयांची टोकं भिंतीत बसलेली असतात तिथे जमीन सर्वांत कमी हलते.

ग्रॅनाइट या यंत्राखाली नको. तो स्पीकरसाठी राखून ठेवा.

आता स्क्वॅश बॉल, टेनिस बॉल आणि रबराच्या तुकड्यांविषयी. हा उपाय फार सुचवला जातो. मीही एकदा तो मनापासून केला होता आणि त्यातून जे शिकलो ते सांगायलाच हवं. माझ्याकडे तेव्हा घट्ट पायाचं एक टर्नटेबल होतं. स्क्वॅश बॉल अर्धे कापून चार वाट्या केल्या, वर दगडी फरशी आणि तिच्यावर यंत्र. टेबल ठोकलं तर काही ऐकू येईना, मला वाटलं जमलं. पण थोडीशी वाकडी रेकॉर्ड लावली की वूफरचे कोन असे झुलायचे की बघवत नसे. खूप दिवस मी कार्ट्रिजला (टोनआर्मच्या टोकाचा सुई धरणारा भाग) दोष देत राहिलो.

कारण साधं गणिताचं होतं. कोणतीही स्प्रिंग किंवा रबर वजनाखाली जितकं दबतं त्यावरून त्याची लय काढता येते. १ मिलिमीटर दबलं तर साधारण १६ हर्ट्झ (सेकंदाला १६ झोके), ४ मिलिमीटर दबलं तर ८ हर्ट्झ, १६ मिलिमीटर दबलं तर ४ हर्ट्झ. म्हणजे लय निम्मी करायची तर दबणं चौपट हवं. रबराची खरी लय या हिशोबापेक्षा थोडी वरच येते. माझ्या वाट्या अडीच-तीन मिलिमीटर दबत होत्या, म्हणजे १० हर्ट्झच्या आसपास. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी नीट जुळलेली असेल तर तिची लय ८ ते १२ हर्ट्झमध्ये असते. मी नेमकी तीच लय यंत्राखाली आणून ठेवली होती. दोन झोपाळे एकाच लयीत आले की एकमेकांना जोर देतात, तसंच.

म्हणून घट्ट पायाच्या यंत्राखाली मऊ काही घालायचंच असेल तर ते पुरेसं मऊ घाला. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब हा टाकाऊ सामानातला सर्वांत गुणी उपाय आहे. ती अर्धवट फुगवायची, तीवर जड फरशी, फरशीवर यंत्र. हवा इतकीच की फरशी ट्यूबवर तरंगेल, पण खाली कुठे टेकणार नाही. बोटाने हलकं दाबून सोडलं की सेकंदाला तीन-चार वेळा सावकाश झुलली पाहिजे. ट्यूबची हवा हळूहळू उतरते, दर काही आठवड्यांनी बघावी लागते आणि प्रत्येक वेळी पाणसळ लावून यंत्र सपाट करावं लागतं. तुमच्या टीडी १६०खाली मात्र हे करू नका. स्प्रिंगेवर स्प्रिंग ठेवली की दोन्ही मिळून विचित्र झुलतात.

स्टँडशिवाय एक गोष्ट तपासा. टर्नटेबलची कार्ट्रिज, तुमची मूव्हिंग मॅग्नेट जातीची (सुईबरोबर आतलं चुंबक हलणारी) असेल तर, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर शेजारी असेल तर त्याचं चुंबकीय क्षेत्र तिच्यात गुणगुणतं. लाकूड, दगड, प्लाय यातलं काहीही ते अडवत नाही, अंतरच अडवतं. रिसीव्हर चालू करून, फोनो (टर्नटेबलचं इनपुट) निवडून, आवाज वाढवून टोनआर्म रेकॉर्डवरून आडवा फिरवा, सुई न टेकवता. एखाद्या जागी गुणगुण वाढली तर दोघांमधलं अंतर वाढवा. स्टँड बनल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रिसीव्हरचं काम सोपं आहे आणि त्याला तुमचा मोडका पलंग अगदी योग्य. त्या काळचे रिसीव्हर वजनाला दांडगे. १९७६चा पायोनियर एसएक्स १२५० सुमारे २९ किलोचा होता. तुमचा वीस किलोचा असला तरी ते वजन सारखं वाटलेलं नसतं, ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला त्या बाजूला झुकलेलं असतं. ती बाजू हाताने उचलून ओळखा आणि तिच्याखाली आधार द्या. पलंगाच्या आडव्या पट्ट्या सलग फळीसारख्या चिकटवू नका. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून जाळीसारखा कप्पा करा. या यंत्रांना खालूनही भोकं असतात. गार हवा खालून आत शिरते आणि गरम हवा वरून बाहेर पडते. सलग फळीवर, त्यात खाली जाड कापड किंवा फेल्ट घातलं की ती वाट बंद होते. वरच्या बाजूला किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळं ठेवा, मागची बाजू उघडी ठेवा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य उष्णता १० अंश सेल्सियसने वाढली की साधारण निम्मं होतं. पन्नास वर्षांच्या यंत्रात आधीच थोडंसंच आयुष्य उरलेलं असतं, ते आपल्या कपाटाच्या हौसेपायी जाळू नये. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर असेल तर वर काहीच नको, आकाश मोकळं.

कप्प्याची लांबी ५० ते ५५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. मध्ये वजन असलेली फळी दुप्पट लांब केली की आठपट वाकते. उलट जाडी वाढवली की फायदा तितकाच झपाट्याने मिळतो. १८ऐवजी २५ मिलिमीटर जाडीची फळी अडीच पटींहून जास्त ताठ असते. खालच्या कप्प्यात रेकॉर्डी ठेवायचा मोह होईल. एक मीटर रांगेत साठेक किलो वजन सहज भरतं, तेव्हा भुश्याच्या दाबलेल्या फळीवर त्या ठेवू नका. ती आज सरळ दिसते आणि वर्षभरात पोटाला येते. कप्प्याची आतली उंची ३४ सेंटिमीटर धरा.

आता स्पीकर. तुमचे ६० सेंटिमीटरचे, म्हणजे जेबीएल एल १०० ज्या घाटाचे होते त्या घाटाचे. अशा स्पीकरना उंच स्टँड नको. कान ट्वीटरच्या (वरचे सूर देणाऱ्या लहान स्पीकरच्या) पातळीत यायला हवा हा नियम लहान स्पीकरना पूर्ण लागू होतो. बीबीसीने आखलेल्या एलएस ३/५एसारखी जेमतेम ३० सेंटिमीटरची पेटी ६० सेंटिमीटरच्या स्टँडवर शोभते. मोठी पेटी इतकी उंच नेली तर खालचे सूर अशक्त होतात आणि ती कलंडायचं भय वेगळंच. तुम्हाला २० सेंटिमीटर पुरे, वर थोडा मागे कल.

कल किती, ते घरच्या घरी काढता येतं. समजा ट्वीटर पेटीच्या तळापासून ५० सेंटिमीटरवर आहे. २० सेंटिमीटरच्या स्टँडवर तो जमिनीपासून ७०वर येईल. बसल्यावर तुमचा कान ९५वर आणि अंतर अडीच मीटर. फरक २५, अंतर २५०, म्हणजे दहास एक. पेटी ३५ सेंटिमीटर खोल असेल तर तिची पुढची कड मागच्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर उचलायची. तेवढंच. अंदाजाने पाच-सहा सेंटिमीटर उचलणारे बरेच भेटतात, मग स्पीकर छताशी बोलतो.

उंचीचा परिणाम दुसऱ्या मार्गानेही होतो. वूफरचा आवाज थेट कानाशी येतो आणि जमिनीवर आपटूनही येतो. दोन वाटांच्या लांबीतला फरक अर्ध्या लहरीएवढा झाला की ते सूर एकमेकांना खोडतात. वरच्याच मापांत, पेटी जमिनीवर असताना वूफरचा मध्य १८ सेंटिमीटरवर धरला तर हा खड्डा सुमारे १३५० हर्ट्झला पडतो. २० सेंटिमीटर उचलल्यावर तो ६००च्या थोडा वर सरकतो. खड्डा नाहीसा होत नाही, जागा बदलतो. म्हणून पक्की बांधणी करण्याआधी विटा किंवा ठोकळे रचून १५, २० आणि २५ सेंटिमीटरवर दोन-दोन दिवस ऐका. गाणाऱ्याचा आवाज ज्या उंचीवर मोकळा, माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा वाटेल ती उंची तुमच्या खोलीची. मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा असेल तर तो अंथरूनच ऐका.

बांधणी अशी करा. दाराच्या चौकटीचे उभे तुकडे साधारण १० × ६ सेंटिमीटर जाडीचे निघतात. त्यातून प्रत्येक स्पीकरसाठी एक चौकट: दोन बाजू पुढे उंच, मागे बुटक्या, आणि त्यांना जोडणारे दोन आडवे तुकडे. स्पीकर चौकटीच्या कडांवर बसतो, मधली जागा मोकळी. खाली ग्रॅनाइटचा पाट. ४५ × ४० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट जवळपास पावणेदहा किलोचा भरतो आणि तो जमिनीलगत असल्यामुळे सगळ्याचं वजन खाली खेचून ठेवतो. तुमचा तुकडा दोघांना पुरत नसेल तर एकाला ग्रॅनाइट, दुसऱ्याला आणखी काही असं करू नका, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. टाकून दिलेल्या, पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये काँक्रीटचं जड वजन बसवलेलं असतं, ते चौकटीच्या पोटात छान बसतं. त्याच मशीनचे स्क्रूवर वर-खाली होणारे पाय काढून घ्या. लाकडात टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) ठोकून ते बसवले की लाकडी जमिनीवर स्टँड डळमळत नाही.

लहान स्पीकरसाठी उंच खांब करायचा झाला तर पोकळ खांबात कोरडी वाळू भरतात. आतून १० × १० सेंटिमीटर आणि उंची ५० असेल तर आठेक किलो वाळू मावते आणि खांबाची घंटेसारखी घणघण बंद होते. वाळू नदीची, धुतलेली, कढईत भाजून खडखडीत कोरडी केलेली. समुद्राची नको, मीठ लोखंड खातं. प्लास्टिकच्या पिशवीत भरून मग आत सोडा, नाहीतर आयुष्यभर सांध्यांतून बारीक वाळू गळत राहील. शिशाचे छर्रे कुणी सुचवले तर घरात आणू नका.

कलंडण्याची परीक्षा लहान मुलं किंवा मांजर घरात नसलं तरी कराच. स्पीकर आणि स्टँड मिळून वजनाचा मध्य ७५ सेंटिमीटरवर असेल आणि पाया ३० सेंटिमीटर रुंद, तर ११ अंशांवर तो कलंडतो. फार कमी आहे हे. पाया ४० केला की १५ अंशांच्या जवळ जातो आणि तळाला वजन टाकलं की मध्य खाली येऊन आणखी सुधारतो. स्टँडच्या एका बाजूखाली फळी घालून ती हळूहळू उचला, दुसऱ्या माणसाने स्पीकरला हात लावून उभं राहायचं. मनात धाकधूक वाटली की पाया वाढवा.

पेटी आणि चौकट यांच्यामध्ये चिकट पुटी लावू नका. जुन्या व्हिनियरमध्ये तिचं तेल मुरतं आणि काढताना पापुद्राही निघून येतो. जुन्या नोटीसबोर्डाचा कॉर्क कापून चार कोपऱ्यांना चकत्या ठेवा. मऊ काळं रबरही पॉलिशवर कायमचे डाग सोडतं.

आता लाकूड हाती घेऊ. दाराच्या चौकटीत खिळे असतात, काही डोकी तुटून आत बुजलेले. ते शोधायला मी मेलेल्या वूफरचं चुंबक वापरतो. सुतळीला बांधून लाकडाच्या अगदी जवळून सावकाश नेतो. खिळा असला की चुंबक वाट सोडून त्या बाजूला झुकतं आणि टक् करून चिकटतं. तिथे खडूने खूण करायची. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळंनिळं झालेलं असतं, त्या डागावरूनही कळतं. खिळा पक्कडीने सरळ उपटू नका. आधी हातोडीचा एक ठोका मारून त्याला आत हलवा, गंजाची पकड सुटते, मग तो कुरकुरत बाहेर येतो. हे चुंबक टेपच्या रिळांपासून मात्र दूर ठेवा.

मग रंधा मारा. वरचा करडा, मेलेला थर निघाला की आतून सोनेरी तपकिरी साग डोकावतो आणि खोलीभर त्याचा चामड्यासारखा तेलकट वास सुटतो. इतकं मुरलेलं, आणखी फारसं आक्रसणार नाही असं लाकूड नव्याने विकत घ्यायला गेलं तर क्वचित मिळतं. त्या चौकटीने कित्येक वर्षं दार पेललंय, तुमचा स्पीकर तिला जड नाही.

पण रंधा मारण्याआधी रंग बघा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. कोरडं घासलं की त्याची धूळ श्वासात जाते. पाणी मारून ओलंच घासा किंवा रंग ओलाच खरवडून काढा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि खालचा कचरा कागदात गुंडाळून टाका. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकडात कीड जिवंत आहे. तो तुकडा घरात नको, रेकॉर्डींच्या कव्हरांजवळ तर नकोच. मालवाहू पॅलेट मिळाले तर त्यावरचा शिक्का वाचा: एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, चालेल. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी, सोडून द्या. रेल्वेचे जुने स्लीपर कितीही देखणे वाटले तरी क्रिओसोटमध्ये (विषारी डांबरी तेलात) मुरलेले असतात, बंद खोलीत ते आणायचेच नाहीत. जुन्या विजेच्या पाट्यांमागच्या करड्या, दगडासारख्या फळ्यांत ॲसबेस्टॉस असू शकतं, त्या कापू नका.

बाहेर पडून असलेलं लाकूड निदान दोन-तीन आठवडे खोलीत आडवं, खाली पट्ट्या देऊन ठेवा. सांध्याला अर्ध्या-अर्ध्या जाडीची खाच देऊन तुकडे एकमेकांत बसवा, त्यात गोंद आणि एक आरपार बोल्ट. खाच-कुसू जमत असेल तर फारच उत्तम, पण नुसत्या स्क्रूने टोकाला टोक जोडू नका, लाकडाच्या टोकाच्या धाग्यात स्क्रू धरत नाही. क्लॅम्प नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळा, गोंद सुकेपर्यंत त्या उत्तम दाबतात. गुण्या लावून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे. पॉलिशसाठी जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आधी स्पीकरचे स्टँड, कारण ते चुकले तरी सुधारता येतात आणि हात बसतो. मग रिसीव्हरचा कप्पा. शेवटी भिंतीवरची फळी, कारण तिथे बोल्टचं भोक एकदाच पडतं. सगळं उभं झालं की सुरुवातीची तपासणी पुन्हा: मोटर बंद, सुई खोबणीत, बोटाचं पेर, मग खोलीतून चालणं. टर्नटेबलची पाणसळ झाकणावर नाही, तबकडीवर ठेवून बघा. आणि महिन्याभराने सगळे नट-बोल्ट एकदा आवळा. लाकूड तोवर खोलीच्या हवेशी जुळतं आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला प्रत्येक बोल्ट पाव-अर्धा फेरा तरी सैल झालेला असतो.